नलवड्यांच्या घरी खटका पडतो

दूध उतू जायला आलं होतं. पातेल्याच्या कडेकडेनं फेस चढत होता, सुमतीबाई हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या, प्रीतम मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढत होता आणि तेवढ्यात दारावरच्या बोर्डात खट्ट असा आवाज झाला. दिवे गेले, पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला, इंडक्शनच्या शेगडीवरचे तांबडे आकडे विझले. वर आलेला फेस जरासा थरथरला आणि मुकाट्यानं खाली बसला.

वर्तकनगरच्या त्या नव्या इमारतीत पाइपचा गॅस अजून आलेला नव्हता. म्हणून गृहप्रवेशाचं दूध विजेच्या शेगडीवर ठेवायची युक्ती संचितानं काढली होती. ती आता तिच्या अंगाशी आली. प्रीतमनं हात उंच करून खटका वर केला, दूध पुन्हा तापलं, या खेपेला चांगलं ओटाभर उतू गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमतीबाईंनी मात्र फडकं घेऊन ओटा पुसता पुसता एवढंच म्हटलं की दुसऱ्यांदा गेलेलं धरत नाहीत.

ते वाक्य संचिताला परवडणारं नव्हतं. कारण सासूबाईंना डोंबिवली सोडायचीच नव्हती. तिथल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला होता, जिन्यातल्या सगळ्या बायका त्यांच्या भजनी मंडळात होत्या, भाजीवाला त्यांना विचारल्याशिवाय मेथीची जुडी दुसऱ्या कुणाला देत नसे. यजमान दौलतराव जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या माघारी सुमतीबाईंनी त्या दोन खोल्यांना जास्तच घट्ट धरलं होतं. संचिता नौपाड्यात ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ठाण्यात घर व्हावं म्हणून तिनं लग्नापासून वाट पाहिली होती. शेवटी सासूबाई हो म्हणाल्या, पण अर्ध्या मनानं. "महिनाभर राहून बघते," त्या म्हणाल्या होत्या, "जमलं तर जमलं. तोवर डोंबिवलीचं घर कुणाला देऊ नका." एक शिक्षक जोडपं त्या घरासाठी ताटकळत बसलं होतं. आणि आई एकटी डोंबिवलीला राहणार म्हटल्यावर प्रीतम काही ठाण्यात राहणार नव्हता. तो एकुलता एक होता आणि आईच्या बाबतीत हळवाही.

तेव्हा हे घर महिनाभर नीट वागणं अत्यंत जरुरीचं होतं. आणि घर पहिल्याच दिवसापासून नीट वागेना.

दाराच्या वर जो बोर्ड होता त्यात खोल्याखोल्यांच्या छोट्या खटक्यांची एक रांग होती आणि त्यांच्या शेजारी एक मोठा खटका होता. कुठे वीज गळू लागली, कुणाला शॉक बसायची वेळ आली, तर सगळ्या घराची वीज तोडायची हे त्या मोठ्या खटक्याचं काम. छोटे खटके बिचारे जागच्या जागी असायचे. पडायचा तो हा मोठा, आणि त्याच्याबरोबर अख्खं घर पडायचं. गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो चटणी वाटताना पडला, संध्याकाळी गीझर लावल्यावर पडला. रात्री जेवताना सगळे वरणभात कालवत असताना, काहीही लावलेलं नसताना पडला.

पहिला संशय मिक्सरवर गेला. मिक्सर डोंबिवलीहून आलेला, जुना, सुमतीबाईंचा. संचितानं अगदी हलक्या आवाजात सुचवलं की कदाचित त्याची वायर आतून खराब झाली असेल. सुमतीबाई म्हणाल्या की इतकी वर्षं तो डोंबिवलीत चालला, तेव्हा त्याची वायर बरी होती. तरीही नवा मिक्सर आला आणि जुना खालच्या वॉचमनला, संदेशला, देऊन टाकला. नव्या मिक्सरवर दाण्याचं कूट करायला घेतलं आणि खटका पडला. दोन दिवसांनी संदेश लिफ्टपाशी भेटला तेव्हा आपणहून सांगू लागला की आजींचा मिक्सर एक नंबर आहे, त्याची बायको रोज त्यावर इडलीचं वाटते. सुमतीबाईंनी लिफ्टचं बटण जरा जोरातच दाबलं. घरात आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि मिक्सर आपल्याला यजमानांनी दिलेला होता, एवढं सांगून त्या आत गेल्या.

मग बिल्डरचा इलेक्ट्रिशियन काळुराम आला. भर दुपारी आला. त्यानं एसी लावला, गीझर लावला, इस्त्री तापवली, मिक्सर मोकळाच फिरवला आणि वर वॉशिंग मशीन चालू केलं. घर नुसतं घोंघावू लागलं, पण खटका जागचा हलला नाही. काळुराम सोफ्यावर बसला. त्याला इंडक्शनवर चहा करून दिला, तरी खटका पडला नाही.

"मॅडम, लाइन ओके आहे," कप खाली ठेवत तो म्हणाला. "तुम्ही जरा टेन्शन घेता."

त्याला खाली घेऊन लिफ्ट निघाली आणि वर खटका पडला. संचिता जिन्यानं धावली, पण तो स्कूटरवरून निघून गेला होता. दुसऱ्या फेरीला त्यानं खटकाच बदलला. नवा खटका जुन्यापेक्षा जरा जास्त जोरात पडू लागला, एवढाच काय तो फरक.

संचितानं मग विषय आपल्या हातात घेतला. ती फिजिक्स शिकवते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सगळे तिला अधूनमधून आठवणही करून देत होते. तिनं शास्त्रीय पद्धत वापरायची ठरवली. सगळे छोटे खटके खाली करायचे, एकेक वर करत जायचं, जिथे मोठा पडेल ती खोली गुन्हेगार. स्वयंपाकघराचा वर केला, मोठा पडला. म्हणजे स्वयंपाकघर. खात्री करावी म्हणून स्वयंपाकघर बंद करून फक्त बेडरूम चालू केली, तर तिथेही पडला. फक्त बाथरूम चालू ठेवली तरी पडला. शेवटी तिनं सगळ्या खोल्या बंद केल्या आणि एकटा मोठा वर करून ठेवला. तो बराच वेळ राहिला. ती हात झाडून वळली, तसा पडला.

"बंद घरातपण पडतो," प्रीतम म्हणाला.

"दिसतंय मला."

"नाही, म्हणजे फिजिक्समध्ये असं होतं का?"

संचितानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं विषय तिथेच सोडला.

प्रीतमचे हाल तर वेगळेच होते. तो घरून काम करायचा. त्याची साहेबीण बंगळुरूला, गिऱ्हाइकं त्याहून लांब. मीटिंग रंगात यायची, प्रीतमची बोलायची पाळी यायची आणि सुमतीबाई आत कुकर चढवायच्या. पडद्यावरचा प्रीतम तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठायचा आणि नाहीसा व्हायचा. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात कुजबूज सुरू झाली की हा मधेमधे दुसरीकडे इंटरव्ह्यू देतो. मग एक दिवस साहेबिणीनं त्याला एकट्याला फोन करून फार मायेनं विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, मागून बायकांच्या ओरडण्याचे आवाज येतात. प्रीतमनं सांगितलं की ते भांडण नव्हे, त्या फक्त गीझर लावायची परवानगी मागत असतात. दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसकडून कौटुंबिक समुपदेशनाचा नंबर आला.

पण ओरडणं खरं होतं. घरात आता एक शिस्त लागली होती. एका वेळी एकच वस्तू चालवायची आणि लावण्याआधी मोठ्यानं सांगायचं. सकाळी इस्त्रीवाल्यानं इस्त्री जाहीर करायची, गीझरवाल्यानं थांबायचं, शेगडीवाल्यानं दोघांच्या नावानं खडे फोडायचे. सुमतीबाई तर मोबाइल चार्जिंगला लावायच्या आधीही विचारू लागल्या. त्यांच्या विचारण्यात इतकी नम्रता असायची की संचिताला ती चिमट्यासारखी लागायची. बोर्ड उंचावर, प्रीतम मीटिंगमध्ये, म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायची काठी दाराशी आणून ठेवली होती आणि त्या काठीच्या टोकानं खटका वर ढकलण्यात त्या चांगल्या तरबेज झाल्या होत्या. काठी उचलताना त्या दर वेळी एक सुस्कारा टाकायच्या आणि डोंबिवलीचं नाव घ्यायच्या.

शेवटी प्रीतमनं इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकला. उत्तरांचा पाऊस पडला. कुणी सांगितलं वायरिंग उखडून काढा, कुणी सांगितलं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाका, एकानं फुलांच्या चित्रासह शुभ सकाळ म्हटलं. चौथ्या मजल्यावरचे कुंडलिकराव मात्र सरळ टेस्टर घेऊन घरी आले. पूर्वी ते टेलिफोन खात्यात होते. त्यांनी भिंतीला, नळाला, कपाटाला, देवघरातल्या तांब्याला आणि ओघात सुमतीबाईंच्या पितळी डब्यालाही टेस्टर लावून पाहिला. कुठेच काही पेटलं नाही तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि निदान केलं की दोष तारेत नसून दिशेत आहे. फ्रिज चुकीच्या कोपऱ्यात उभा आहे.

संचितानं विरोध केला. पण सुमतीबाईंना ते पटलं आणि प्रीतम काहीही पटवून घ्यायला तयार झाला होता. फ्रिज हॉलमध्ये आला. तो सोफ्यासमोर टीव्हीच्या वाटेत बसला, त्यामुळे कोथिंबीर काढायची झाली की बातम्या दिसेनाशा व्हायच्या. त्या संध्याकाळी खटका नेहमीप्रमाणे पडला. फ्रिज मात्र पुन्हा आत नेण्याचं त्राण कुणातच उरलं नव्हतं, तो तिथेच राहिला.

काळुराम तिसऱ्यांदा आला तो उपाय घेऊनच. म्हणाला, मॅडम, हा मोठा खटका मधनं काढूनच टाकतो. डायरेक्ट जोडतो. परत कंप्लेंट येणार नाही. प्रीतमचा चेहरा उजळला. सुमतीबाईंनी तर काळुरामला लाडू आणून दिला. एकटी संचिता बोर्डाखाली आडवी उभी राहिली. तिनं सांगितलं की वीज कुठेतरी गळतेय म्हणूनच तो पडतोय, तो काढला तर गळती थांबणार नाही, फक्त कळायची थांबेल. उद्या ओल्या हातानं कुणी कशाला हात लावला तर?

"अगं, पण तो आपल्यासाठी आहे का आपण त्याच्यासाठी?" सुमतीबाई म्हणाल्या.

"आई, तो आपला जीव वाचवायला आहे."

"वाचवतो कसला, खातोय रोज."

खटका राहिला, पण संचिता एकटी पडली. ज्यानं तिला महिनाभर छळलं त्याचीच वकिली करायची वेळ तिच्यावर आली होती आणि यातला विनोद तिच्या अजिबात लक्षात येत नव्हता. त्या संध्याकाळी सुमतीबाईंनी शांतपणे जाहीर केलं की महिना भरत आला. रविवारी जुन्या शेजारीणबाई मालनताई आणि मंडळातल्या बायका घर बघायला येणार आहेत, त्यांच्याच सोबत आपण डोंबिवलीला जाऊ. कुणावर राग नाही. घराला आपण नको आहोत, हे पहिल्याच दिवशी दुधानं सांगितलं होतं. शनिवारी सकाळी संचिता कॉलेजला निघाली तेव्हा त्यांची बॅग फ्रिजला टेकून उभी होती.

त्या दिवशी बारावीच्या वर्गावर ती फळ्यावर विजेचं साधं सर्किट काढत होती. अक्षरशः हजारदा काढलेलं. बॅटरी, तिथून निघालेली तार, बटण, दिवा. दिव्यापासून मागे फिरणारी रेघ तिनं ओढायला घेतली आणि तिचा हात मधेच थांबला. ती त्या अर्धवट रेघेकडे पाहत उभी राहिली. वर्गात चुळबूळ सुरू झाली. पुढच्या बाकावरच्या उर्वीला वाटलं मॅडम विसरल्या, तिनं हळूच सांगितलं की परत बॅटरीला जोडायची.

"तेच ना," संचिता म्हणाली. "परत."

महिनाभर ती, काळुराम, कुंडलिकराव, सगळे वीज घरात येते त्या तारेच्या मागे लागले होते. छोटे खटके तोडतात तीही येणारी तार. जाणारी तार, म्हणजे वीज जिच्यातून परत फिरते ती, कुठलाही छोटा खटका पडला तरी जोडलेलीच राहते. सगळ्या खोल्यांच्या परतीच्या तारा बोर्डात एकत्र बांधलेल्या. त्यातली एक जरी कुठे जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेला टेकत असेल, तर कुठल्याही खोलीत काहीही लावा, परतीच्या वाटेवर वीज तिथे गळणार. म्हणून सगळ्या खोल्या गुन्हेगार. आणि बंद घर असलं तरी इमारतीतल्या इतरांच्या विजेनं मोठ्या खटक्याला धक्का बसणार. म्हणून संध्याकाळी जास्त, दुपारी सगळे कामावर असताना कमी, आणि काळुराम नेमका दुपारी येणार. तिनं खडू ठेवला, मुलांना पुढची गणितं सोडवायला सांगितली आणि स्टाफरूममध्ये जाऊन काळुरामला फोन लावला. तो म्हणाला आज जमणार नाही, उद्या रविवार आहे, उद्या येतो. संचितानं बजावलं की दुपारी नाही, संध्याकाळी यायचं.

त्यामुळे झालं असं की काळुराम आणि भजनी मंडळ एकदमच आलं. डोंबिवलीहून आलेल्या बायकांनी हॉल भरून गेला. त्यांनी खिडकीतून दिसणारा डोंगर बघितला, बाथरूम बघितली, फ्रिज हॉलमध्ये का आहे हे कुणी विचारलं नाही, पण प्रत्येकीनं त्याच्याकडे एकदा बघून घेतलं. काळुराम दाराशी स्टुलावर चढला होता आणि बोर्ड उघडून एकेका खोलीची परतीची तार सोडवत होता. एक सोडवायची, संचितानं आत गीझर लावायचा, खट्ट. पुन्हा जोडायची, दुसरी सोडवायची, पुन्हा खट्ट. पंखा थांबला की बायका पदरानं वारा घ्यायच्या, सुरू झाला की भजनाची पुढची ओळ म्हणायच्या. सुमतीबाई त्यांच्या मधोमध बसल्या होत्या. आपलं म्हणणं सिद्ध होत असलेल्या माणसाचं दुःखी समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

काळुरामनं हॉलची तार सोडवली. संचितानं गीझर लावला. काही झालं नाही. तिनं शेगडी लावली, इस्त्री लावली, प्रीतमनं एसी लावला. हॉल अंधारात होता, पण बाकीचं घर दुथडी भरून चाललं होतं. संचिताला रडू येईल असं वाटलं, पण काळुरामचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाली उतरला होता आणि मोबाइलच्या उजेडात हॉलच्या भिंतीवर बोट फिरवत होता. बटणांच्या पाटीपासून तार सरळ वर जाते, तो सांगत होता, सरळ वर. त्याचं बोट वर सरकत गेलं आणि दौलतरावांच्या तसबिरीपाशी येऊन थांबलं.

"हा खिळा कुणी मारला?"

सगळ्यांनी प्रीतमकडे पाहिलं. खिळा त्यानंच मारला होता. गृहप्रवेशाच्या दिवशी, दूध शेगडीवर चढायच्या आधी. आईची इच्छा होती की घरात आधी बाबा यावेत आणि दारातून शिरणारा माणूस त्यांना दिसावा. प्रीतमला त्या खिळ्याचा अभिमान होता. आयुष्यात त्यानं सरळ मारलेला तो पहिलाच.

काळुरामनं खात्री करायची म्हणून हॉलची तार पुन्हा जोडली. दिवे आले. मग त्यानं तसबीर बोटानं जराशी डावीकडे हलवली. खट्ट, काळोख. तसबीर सरळ केली, संचितानं काठीनं खटका वर केला, दिवे लागले. पुन्हा हलवली, पुन्हा काळोख. खिळा भिंतीतल्या तारांमधून गेला होता. परतीची तार सोलली होती आणि तो शेजारच्या जमिनीच्या तारेला कधी टेकायचा, कधी नाही, म्हणून काळुरामच्या त्या दुपारी सगळं घर चालूनही खटका जागचा हलला नव्हता.

 त्या अंधारात मालनताईंचा आवाज आला.

"सुमती, भाऊजींची सवय गेली नाही गं अजून."

आधी एक जण हसली, मग दोघी. दिवे लागले तेव्हा अख्खं मंडळ डोळे पुसत होतं. संचिता लग्न होऊन आली तेव्हा दौलतराव आजारी होते, अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता बायकांनी तिला सांगितलं. शाळेत हेडक्लार्क असलेले दौलतराव घरात दिवे बंद करत फिरायचे. घरात बंद करून झाले की जिन्यात जायचे. मालनताई एकदा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे असताना त्यांनी खालून जिन्याचा दिवा बंद केला होता आणि वर ओरडून विचारलं होतं की पोचलात ना. पुतणीच्या लग्नात कल्याणच्या हॉलमध्ये, ऐन अंतरपाटाच्या वेळी, त्यांनी स्टेजवरचे दिवे घालवले होते, कारण बाहेर ऊन होतं. व्हिडिओवाला त्यांच्या अंगावर धावून गेला होता.

 संचिता सुमतीबाईंकडे पाहत होती आणि तिला वाटलं आता त्यांना वाईट वाटणार. त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, श्वास लागेपर्यंत, आणि मधेच त्यांच्या डोळ्यांतून पाणीही आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"जन्मभर यांच्या मागे मागे जाऊन मी दिवे लावले," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटलं, घराला मी नकोय."

काळुराम पक्कड घेऊन पुढे आला. खिळा उपटतो, तार बदलतो, फोटो हातभर अलीकडे लावू, इतकं सोपं काम होतं. सुमतीबाई ताडकन उठल्या आणि तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. खिळा काढायचा नाही, फोटो हलवायचा नाही.

"आई, फक्त हातभर," प्रीतम काकुळतीला आला.

"त्यांना आजवर कुणी हातभर हलवू शकलं नाही. तू कोण लागून गेलास?"

संचितानं कपाळाला हात लावला. महिनाभर शोधलेला बिघाड तिच्यापासून चार पावलांवर होता, पक्कड तयार होती, आणि मधे सासूबाई उभ्या होत्या. समजूत घालायला मालनताई पुढे झाल्या, त्यांचं चाललं नाही. प्रीतमनं डोळ्यांत पाणी आणून पाहिलं, त्याचंही चाललं नाही. शेवटी संचितानंच तोड काढली. भिंतीतल्या त्या नळीतल्या तारा मेल्या तर मरू देत. हॉलला दुसऱ्या बाजूनं, जेवणाच्या टेबलामागच्या नळीतून नव्या तारा आणायच्या. खिळा राहील, फोटो राहील, फक्त त्यांच्यामागची वीज जाईल. काळुराम कुरकुरला, पण सुमतीबाईंनी लाडवांचा डबाच त्याच्यापुढे ठेवला. रात्रीच्या जेवणाची वेळ व्हायच्या आत काम झालं. चाचणी म्हणून इंडक्शनवर सगळ्या मंडळाचा चहा केला, त्याच वेळी गीझर, एसी, इस्त्री आणि मिक्सर चालू ठेवला. काही पडलं नाही. काळुरामनं तसबीर डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. दौलतराव शांत होते.

निघायची वेळ झाली तेव्हा मालनताईंनी बॅग उचलली. सुमतीबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"यांना इथे टाकून कशी येऊ?" त्या म्हणाल्या. मग प्रीतमकडे वळून, अगदी किरकोळ गोष्ट सांगावी तसं, त्यांनी डोंबिवलीचं घर त्या शिक्षकांना देऊन टाकायला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस संचिताच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. असे सुखाचे दिवस चार गेले. कुणी ओरडत नव्हतं, कुणी परवानगी मागत नव्हतं. प्रीतमनं एक सबंध मीटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली आणि साहेबिणीनं त्याला कळवलं की समुपदेशनाचा फायदा दिसतोय. फ्रिज आत गेला.

पाचव्या दिवशी सकाळी संचिता अंघोळीला गेली. पाणी कढत होतं. तिनं सावकाश, कुणाला काही न सांगता, डोक्याला शाम्पू लावला. डोळे मिटून ती केस चोळत होती तेवढ्यात खट्ट झालं आणि मिटल्या पापण्यांआडही तिला अंधार झालेला कळला.  ती डोळ्यांत फेस जात असताना नळाला धरून उभी राहिली. म्हणजे खिळा नव्हता तर. म्हणजे पुन्हा काळुराम, पुन्हा बोर्ड, पुन्हा ती बॅग. बाहेर मात्र पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, आणि प्रीतम कुणाशी तरी अखंड बोलत होता.

"आई," तिनं आतून हाक मारली, "बाथरूमची लाइट गेली का?"

"गेली नाही, मी घालवली," दाराला लागूनच सुमतीबाईंचा आवाज आला. "गीझरही घालवला. बाहेर लख्ख ऊन आहे गं, दिवा कशाला जाळायचा उगाच?"

"आई, मी आत आहे."

"म्हणूनच म्हटलं, आवर लवकर."

त्यांची पावलं दूर गेली. मग स्वयंपाकघरात बटणाचा आवाज झाला, मग पॅसेजमध्ये, मग हॉलमध्ये पंख्याचा, आणि प्रीतम मीटिंगमधल्या कुणाला तरी सांगू लागला की नाही नाही, मी आहे, इथेच आहे, फक्त दिसत नाहीये. संचिता अंधारात तांब्या चाचपडू लागली. केसांतला फेस खांद्यावर ओघळत होता आणि पाणी कोमट होत चाललं होतं. तिच्या मनात आलं, तो खटका निदान काठीनं वर तरी करता येत होता.